युतीत मते जुळतात, पण वळतात का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लोकसभा निवडणुकांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. पक्ष एकत्र आले किंवा वेगळे झाले की निकाल एवढा का उलटतो, आणि त्यात सामान्य मतदाराच्या हाती नेमके काय उरते, असे वाचकांनी विचारले आहे. पत्रे नागपूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली आहेत. सगळ्यांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने त्यांतील सात प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे न छापण्याची आपल्या सदराची पद्धत येथेही पाळली आहे.

प्रश्न : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांना जवळजवळ सारखीच मते मिळाली, असे वाचले. मग आघाडीला ३० जागा आणि महायुतीला १७, असे कसे झाले? गणित शिकवण्यात आयुष्य गेले, पण हे गणित मला सुटत नाही.
(निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : बाई, आपण वाचले ते बरोबर आहे. दोन्ही बाजूंना ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान मते मिळाली आणि त्यांच्यातील अंतर एक टक्काही नव्हते. गणित सुटत नाही, कारण आपण ४८ उदाहरणांतील आकड्यांची बेरीज आधी करता आणि मग एकच उत्तर काढता. निवडणुकीत प्रत्येक उदाहरण वेगळे सोडवायचे असते आणि शेवटी फक्त उत्तरे मोजायची असतात. आपल्या पद्धतीत मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. ती मते निम्म्याहून कमी असली तरी चालते, आणि एक मत जास्त असले तरी पुरते.

त्यामुळे मते किती मिळाली याइतकेच ती कुठे मिळाली यालाही महत्त्व येते. २०२४ मध्ये उत्तर मुंबईत भाजपच्या उमेदवाराचे मताधिक्य साडेतीन लाखांच्या वर होते आणि जळगाव व रावेर येथे ते अडीच लाखांच्या पुढे गेले. जिंकण्यासाठी लागत होती त्यापेक्षा जास्तीची ही लाखो मते शेजारच्या मतदारसंघात नेता येत नाहीत. काँग्रेसनेही चंद्रपूर अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने जिंकले, म्हणजे अशी साठलेली मते दोन्हीकडे होती. पण आघाडीची मते एकूण राज्यभर अधिक सारखी पसरलेली होती. धुळ्याची जागा काँग्रेसला चार हजारांहून कमी मतांनी मिळाली, तर वायव्य मुंबईत महायुतीच्या उमेदवाराने अवघ्या ४८ मतांनी विजय मिळवला. अशा निसटत्या निकालांतून जागांचा आकडा इकडचा तिकडे होतो आणि टक्केवारी मात्र जागची हलत नाही.

युती आणि आघाडीचे खरे काम येथे सुरू होते, आणि त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका पुरावा २०२४ चा नसून १९९६ ते १९९९ या चार वर्षांतला आहे. १९९६ मध्ये भाजप आणि शिवसेना यांनी एकत्र लढून ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या. काँग्रेसला १५ मिळाल्या. १९९८ मध्ये काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाचे एकत्र आलेले गट आणि समाजवादी पक्ष यांच्याशी समझोता केला. काँग्रेस ३३ वर गेली, रिपब्लिकन पक्षाला ४ जागा मिळाल्या आणि युती १० वर आली. दोन वर्षांत ३३ आणि १५ यांची जवळजवळ अदलाबदल झाली. ती होण्यासाठी लाखो लोकांनी आपले विचार बदलण्याची गरज नव्हती. एकाच बाजूची मते आधी तीन ठिकाणी पडत होती, ती एका ठिकाणी पडली.

पुढचे वर्ष त्याहून बोधप्रद आहे. १९९९ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली आणि दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या. त्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ३० टक्के आणि राष्ट्रवादीला सुमारे २२ टक्के मते मिळाली. दोघांची बेरीज निम्म्याहून जास्त होते. युतीची मते सुमारे ३८ टक्के होती. तरीही युतीला २८ जागा मिळाल्या आणि दोन्ही काँग्रेसना मिळून १६. मतदारांनी बहुमत दिले होते. ते दोन पेट्यांत वाटले गेल्यामुळे हरले. विधानसभेची निवडणूक त्याच वेळी झाली होती आणि तिच्या निकालानंतर याच दोन पक्षांनी एकत्र येऊन राज्यात सरकार बनवले. निकालानंतर जे शक्य झाले ते निकालाआधी का झाले नाही, हा प्रश्न त्या वेळच्या अनेक कार्यकर्त्यांना पुढे वर्षानुवर्षे छळत राहिला.

प्रश्न : आमच्या वस्तीत दर निवडणुकीला ऐकवले जाते की लहान पक्षाला मत म्हणजे मत वाया, आणि आमच्यामुळे दुसरा निवडून येतो. आंबेडकरी मतदाराने कायम कोणाच्या तरी पाठीमागेच उभे राहायचे का?
(नोकरदार तरुण, इंदोरा)

उत्तर : आपल्या प्रश्नात एक आरोप आहे आणि एक दुखणे आहे. आरोपाचे उत्तर आकड्यांनी देता येते. दुखण्याचे तसे देता येत नाही, म्हणून आधी तेच घेतो. कोणाचेही मत दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसते. एखादा पक्ष हरला की 'आमची मते खाल्ली' असे म्हणण्याची जी सवय लागली आहे, तिच्यात ती मते मुळात आपलीच होती असे गृहीत धरलेले असते. मला ही भाषा मान्य नाही.

आता आकडे पाहू. अकोल्यात २०२४ मध्ये भाजपला सुमारे ४ लाख ५७ हजार, काँग्रेसला सुमारे ४ लाख १६ हजार आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना सुमारे २ लाख ७६ हजार मते मिळाली. भाजपचे मताधिक्य ४० हजारांच्या थोडे वर होते. काँग्रेस आणि वंचित यांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून दोन लाखांनी जास्त आहे, हे कोणीही मांडून दाखवील. पण अशी बेरीज मांडताना दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात : समझोता झाला असता तर दोघांचा सगळा मतदार जसाच्या तसा एकाच उमेदवाराकडे वळला असता, आणि उमेदवार कोणाचा असावा यावर दोघांचे एकमत झाले असते. महाविकास आघाडी आणि वंचित यांची बोलणी २०२४ च्या मार्चमध्ये जागांच्या प्रश्नावरच तुटली. म्हणून अकोल्याच्या निकालाची जबाबदारी एकाच पक्षाच्या गळ्यात घालणे अन्यायाचे आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांनी ती वाटून घ्यायला हवी.

नागपूरचे उदाहरण त्याच निवडणुकीतले आहे आणि ते वेगळे काही सांगते. येथे वंचितने उमेदवार दिला नाही आणि काँग्रेसच्या विकास ठाकरे यांना पाठिंबा जाहीर केला. २०१९ मध्ये नितीन गडकरी यांचे मताधिक्य २ लाख १६ हजार होते. २०२४ मध्ये ते सुमारे १ लाख ३७ हजारांवर आले. गडकरींची मते फारशी घटली नाहीत. २०१९ मध्ये ती ६ लाख ६० हजार होती आणि २०२४ मध्ये ६ लाख ५५ हजार. काँग्रेसची मते मात्र ४ लाख ४४ हजारांवरून ५ लाख १७ हजारांवर गेली. ही वाढ एकट्या वंचितच्या पाठिंब्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही, पण त्या पाठिंब्याचा वाटा तिच्यात होता असे मी मानतो. निकाल बदलला नाही, अंतर कमी झाले.

पाठीमागे उभे राहण्याबद्दल आपण विचारता, तर १९९८ आठवावे. त्या वर्षी रामदास आठवले, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे लोकसभेत गेले. त्यांतील अकोला, अमरावती आणि चिमूर या तीन जागा आपल्या विदर्भातल्या होत्या, आणि चारही मतदारसंघ खुले होते, राखीव नव्हते. म्हणजे आंबेडकरी उमेदवाराला इतर समाजांची मते मिळाली आणि आंबेडकरी मते काँग्रेसच्या उमेदवारांना मिळाली. समझोता दोन्ही अंगांनी पाळला गेला की काय होते याचे हे उदाहरण आहे. पण गट पुन्हा वेगळे झाले आणि तसे यश पुन्हा आले नाही. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या शहरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, त्या शहरातील मतदाराला याचे दुःख होणे स्वाभाविक आहे.

माझे मत विचारत असाल तर सांगतो. मोठे पक्ष लहान पक्षांशी बोलणी फार उशिरा सुरू करतात आणि त्यांच्यापुढे बहुधा अशा जागा ठेवतात ज्या स्वतःला जिंकता येत नाहीत. लहान पक्षाने ती अट नाकारली तर तो दोषी ठरतो. आपल्या वस्तीत मते मागायला येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांना, बोलणी कुठे आणि कोणत्या जागेवर तुटली, एवढे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आम्ही घरातले सगळे भाजपचे मतदार, पण रामटेकमध्ये वर्षानुवर्षे कमळ नसायचे, धनुष्यबाण असायचा. कोणती जागा कोणाला सुटते हे कोण ठरवते?
(दुकानदार, कामठी)

उत्तर : एकाच नागपूर जिल्ह्यात दोन लोकसभा मतदारसंघ आहेत आणि त्यांची विभागणी युतीच्या काळात ठरून गेली होती. नागपूर भाजपकडे, रामटेक शिवसेनेकडे. पी. व्ही. नरसिंह राव यांना १९८४ आणि १९८९ मध्ये निवडून देणारा, काँग्रेसचा बालेकिल्ला समजला जाणारा हा मतदारसंघ शिवसेनेने १९९९ आणि २००४ मध्ये, आणि पुढे २०१४ व २०१९ मध्ये जिंकला. आपल्यासारख्या हजारो घरांनी स्वतःचे चिन्ह बाजूला ठेवून मित्रपक्षाचे बटण दाबले, म्हणूनच हे घडू शकले.

जागा सुटण्याचे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, पण प्रघात आहेत. पहिला हक्क विद्यमान खासदाराच्या पक्षाचा, त्यानंतर मागच्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या पक्षाचा. एवढ्यावर भागले नाही तर विधानसभेच्या सहा जागांपैकी कोणाकडे किती आहेत, तालुक्यात संघटना कोणाची आहे, खर्च पेलणारा उमेदवार कोणाकडे आहे, हे पाहिले जाते. शेवटचे पाचदहा मतदारसंघ मुंबईत किंवा दिल्लीत बसून सोडवले जातात आणि कधी कधी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, हाती पडतो.

पक्ष फुटल्यावर हे प्रघातही डळमळीत होतात. २०२४ मध्ये रामटेकची जागा शिंदे यांच्या शिवसेनेकडे राहिली, पण विद्यमान खासदाराला उमेदवारी मिळाली नाही आणि काँग्रेसमधून आलेल्या आमदाराला ती दिली गेली. काँग्रेसच्या मूळ उमेदवाराचा अर्ज जातवैधतेच्या प्रश्नावर बाद झाला आणि पर्यायी उमेदवार श्यामकुमार बर्वे रिंगणात राहिले. तेच जिंकले. आयत्या वेळी दुसऱ्या पक्षातून आणलेल्या उमेदवारासाठी तिसऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने उन्हातान्हात दारोदार फिरावे ही अपेक्षा फार मोठी असते. मित्रपक्षाच्या कार्यकर्त्यांनी 'काम केले नाही' अशी तक्रार निकालानंतर सगळेच करतात, पण त्या कार्यकर्त्याला आधी कोणी विचारलेले असते असे क्वचितच दिसते.

सांगलीने हा धडा दुसऱ्या बाजूला दिला. तेथील जागा आघाडीत ठाकरे यांच्या शिवसेनेला सुटली, काँग्रेसचे विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि सुमारे लाखाच्या मताधिक्याने निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत रक्कमही वाचली नाही. जागावाटपाच्या टेबलावर सांगलीची जागा देता आली, सांगलीचे मतदार देता आले नाहीत.

प्रश्न : युतीतील सगळे पक्ष एकच चिन्ह का घेत नाहीत? मतदाराचा गोंधळ तरी टळेल.
(गृहिणी, हिंगणा)

उत्तर : मतदानयंत्रावर 'युती' किंवा 'आघाडी' नावाचे काही नसते. तेथे उमेदवार असतो आणि त्याच्या पक्षाचे चिन्ह असते. निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार पक्षाची मान्यता त्याने स्वतःच्या नावावर मिळवलेल्या मतांवर आणि जागांवर ठरते, त्यामुळे दुसऱ्याच्या चिन्हावर लढणारा पक्ष स्वतःची ओळख पणाला लावतो. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या घटकांनी बहुतेक ठिकाणी भारतीय लोकदलाच्या हलधर चिन्हावर निवडणूक लढवली होती, पण ते पक्ष विलीन होण्याच्या वाटेवर होते. युतीत राहून वेगळे अस्तित्व टिकवायचे असेल तर चिन्ह सोडता येत नाही.

प्रश्न : निवडणुकीपूर्वीच्या आघाडीला राज्यघटनेत काही स्थान आहे का? कोणालाच बहुमत नसेल तर राष्ट्रपती काय करतात, आणि मित्रपक्षांमुळे देशाचे सरकार खरोखर बदलते का?
(कायद्याची विद्यार्थिनी, रविनगर)

उत्तर : घटनेत आघाडी हा शब्द या अर्थाने कोठेही नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते एवढेच ती सांगते, आणि बाकी संकेतांवर चालते. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या सरकारिया आयोगाने राज्यपालांसाठी जो क्रम सुचवला, त्यात निवडणूकपूर्व आघाडीला पहिले स्थान आहे. त्यानंतर इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष येतो, आणि निकालानंतर झालेल्या आघाड्या त्याच्याही नंतर. केंद्रात राष्ट्रपतींनी नेहमीच या क्रमाने पाऊल टाकले असे नाही. १९९६ मध्ये सर्वांत मोठा पक्ष म्हणून भाजपला निमंत्रण मिळाले आणि १६१ जागांच्या बळावर आलेले अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार तेरा दिवसांत गेले. १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना निमंत्रण देण्याआधी मित्रपक्षांची पाठिंब्याची पत्रे मागितली. आपण कायद्याच्या विद्यार्थिनी आहात म्हणून सांगतो, या दोन घटना एकत्र अभ्यासाव्यात. मधल्या दोन वर्षांत संकेत कसा घडत गेला ते त्यांतून दिसते.

मित्रपक्षांमुळे सरकार बदलते का, याचे उत्तर तामिळनाडूत आहे. १९९८ मध्ये अण्णाद्रमुकच्या आघाडीने तेथील ३९ पैकी ३० जागा जिंकल्या आणि वाजपेयी सरकार उभे राहिले. १९९९ च्या एप्रिलमध्ये अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि १७ तारखेला सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे एका मताने पडले. भाजपने मग द्रमुकशी हातमिळवणी केली आणि त्या आघाडीला २६ जागा मिळाल्या. २००४ पूर्वी द्रमुक काँग्रेसकडे गेला आणि काँग्रेसच्या बाजूने सर्वच्या सर्व ३९ जागा जिंकल्या. अण्णाद्रमुकला राज्यातील जवळपास ३० टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. त्या वर्षी देशभरात काँग्रेसचे १४५ आणि भाजपचे १३८ खासदार होते. दोन मोठ्या पक्षांत सात जागांचे अंतर असताना एका राज्याने ३९ जागा एका बाजूला टाकल्या, हे लक्षात घेतले तर २००४ चा निकाल केवळ 'इंडिया शायनिंग' या भाजपच्या प्रचारमोहिमेवरच्या नाराजीने समजावून सांगणे किती अपुरे आहे ते कळेल.

२०१४ आणि २०१९ मध्ये भाजपला अनुक्रमे २८२ आणि ३०३ जागा मिळाल्या आणि मित्रपक्ष गणितापुरते अनावश्यक झाले होते. २०२४ मध्ये भाजप २४० वर थांबला, तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२ खासदार निर्णायक ठरले, आणि आघाडी म्हणून भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीने (रालोआ) २९३ जागांवर सरकार बनवले. त्याच निवडणुकीत काँग्रेसने २०१९ च्या तुलनेत सुमारे शंभर जागा कमी लढवल्या, त्या मित्रपक्षांना सोडल्या, आणि तिचे खासदार ५२ वरून ९९ वर गेले. कमी ठिकाणी लढून जास्त ठिकाणी जिंकणे हे आपल्या पद्धतीत शक्य असते आणि ते मोठ्या पक्षांच्या गळी उतरायला फार वेळ लागतो.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून असे वाटते की सगळे विरोधक एकत्र आले की सत्ताधारी हरलाच. मग इतकी वर्षे ते का एकत्र येत नाहीत?
(सेवानिवृत्त बँक कर्मचारी, महाल)

उत्तर : मला तसे म्हणायचे नव्हते आणि आपण विचारले हे बरे केले. समोरच्याला निम्म्याहून अधिक मते मिळत असतील तर उरलेले सगळे एकत्र येऊनही काही होत नाही. आपले नागपूरच पाहा. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळा गडकरी यांना निम्म्याहून अधिक मते होती. विरोधातील प्रत्येक मत एकाच उमेदवाराला पडले असते तरी निकाल तोच लागला असता. उत्तर प्रदेशात २०१९ मध्ये समाजवादी पक्ष, बसप आणि राष्ट्रीय लोकदल एकत्र लढले. कागदावर ती बेरीज अजिंक्य वाटत होती. भाजपने राज्यातील सुमारे निम्मी मते घेतली आणि ८० पैकी ६२ जागा जिंकल्या. बसपला १० आणि समाजवादी पक्षाला ५ मिळाल्या. पाच वर्षांनी समाजवादी पक्ष काँग्रेससह लढला, बसप स्वतंत्र राहिला, म्हणजे ऐक्य आधीपेक्षा अपुरे होते. तरीही समाजवादी पक्षाने ३७ आणि काँग्रेसने ६ जागा जिंकल्या आणि भाजप ३३ वर आला. भाजपची मते निम्म्यावरून ४१ टक्क्यांच्या आसपास घसरली होती, आणि ऐक्याचे मोल तेव्हाच वसूल झाले.

याहून जुने उदाहरण १९७१ चे. संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी यांची बडी आघाडी इंदिरा गांधींच्या विरोधात उभी राहिली आणि इंदिरा काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या. 'इंदिरा हटाव'ला 'गरिबी हटाव'ने उत्तर दिले गेले, आणि एकत्र येण्याचे कारण एका व्यक्तीला हटवणे एवढेच असेल तर मतदार ते ओळखतो, असे मी त्यातून समजतो. त्या लाटेतही नागपूरने जांबुवंतराव धोटे यांना निवडले होते, कारण येथे प्रश्न वेगळ्या विदर्भाचा होता. आणि १९७७ मध्ये जनता पक्षाची लाट उत्तरेत काँग्रेसला उखडून टाकत असताना नागपूरने काँग्रेसचा खासदार दिला. दिल्लीत जुळलेली मोट गावोगाव जशीच्या तशी लागू पडत नाही, हे आपल्या शहराने दोनदा दाखवले आहे.

विदर्भाचा २००४ चा निकालही येथे सांगायला हवा. काँग्रेस आणि राष्ट्रवादी तेव्हा एकत्र होते, १९९९ ची चूक सुधारली होती, तरी विदर्भातील ११ पैकी १० जागा युतीने जिंकल्या आणि आघाडीला एकटे नागपूर मिळाले. भंडाऱ्यात प्रफुल्ल पटेल जेमतेम तीन हजार मतांनी हरले. बसपने त्या निवडणुकीत विदर्भात घेतलेली मते ज्यांनी आधी मोजली नव्हती, त्यांना ती निकालानंतर मोजावी लागली.

आणि हाच महाराष्ट्र घ्या. लोकसभेत ३० जागा जिंकलेली आघाडी त्याच पक्षांसह सहा महिन्यांच्या आत विधानसभेला सामोरी गेली, आणि २८८ पैकी तिच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या. महायुतीच्या तीन पक्षांना २३०. पक्ष तेच, जागावाटपाची रीत तीच, मतदारही तेच. मधल्या काळात मतदाराच्या घरात काय बदलले, प्रचाराचा विषय काय होता, कोणत्या योजनेचे पैसे खात्यात आले, कोणत्या जागेवरून आघाडीत शेवटपर्यंत भांडण चालले, याचा हिशेब पक्षांच्या बेरजेत येत नाही. विरोधक एकत्र का येत नाहीत, असे आपण विचारता. एकत्र येण्यासाठी कोणाला तरी आपल्या जिल्ह्यातील वर्षानुवर्षांचा कार्यकर्ता घरी बसवावा लागतो, आणि त्या तालुक्यात पक्ष पुन्हा उभा राहील की नाही याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. ही भीती खरी आहे. तिला केवळ नेत्यांचा अहंकार म्हणून झटकून टाकू नये.

प्रश्न : आम्ही एका युतीला मत देतो आणि नंतर तोच पक्ष दुसऱ्या बाजूला जातो. पक्षांतरबंदीचा कायदा असताना हे कसे चालते?
(शिवणकाम करणारी वाचक, सक्करदरा)

उत्तर : ताई, तो कायदा आमदार-खासदाराने आपला पक्ष सोडण्याविरुद्ध आहे, पक्षाने आपली युती सोडण्याविरुद्ध नाही. १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले तेव्हा आणि २००३ मध्ये ते अधिक कडक केले गेले तेव्हाही निवडणूकपूर्व युतीचा त्यात विचार झाला नाही. तो व्हावा असे माझे ठाम मत आहे. निदान युती करताना जाहीर केलेला समान कार्यक्रम आणि जागावाटपाचा करार निवडणूक आयोगाकडे नोंदवण्याची सक्ती असावी, म्हणजे सोडताना कारण लेखी द्यावे लागेल. यावर पक्षांचे म्हणणे असे असते की परिस्थिती बदलते आणि पाच वर्षे बांधून घेतले तर सरकारे अडकून पडतील. त्यात तथ्य आहे. २००८ च्या जुलैमध्ये डाव्या पक्षांनी अणुकराराच्या प्रश्नावर काँग्रेसप्रणीत संयुक्त पुरोगामी आघाडीच्या (संपुआ) सरकारचा पाठिंबा काढला, तो तत्त्वाचा मतभेद होता, आणि असा मतभेद दाबून ठेवणारा कायदा मलाही नको आहे.

पण आपला त्रास अशा मतभेदाचा नाही, हे मला कळते. बिहारमध्ये २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपसोबत लढून संयुक्त जनता दलाचे १६ खासदार निवडून आले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो पक्ष भाजपला सोडून विरोधकांकडे गेला आणि २०२४ च्या जानेवारीत परत आला. एकाच लोकसभेच्या मुदतीत त्या १६ मतदारसंघांतील लोकांचे मत एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले आणि पुन्हा पहिल्या बाजूला आले. त्या काळात त्यांच्या दारात कोणी मत मागायला आले नाही, आणि कायद्याच्या नजरेत एकाही खासदाराने पक्षांतर केले नव्हते.